परदेशात ख्रिस्ती युवक संघटना काढायची आहे: आधी काय, नंतर काय?

पाऊलवाट (धागाकर्ती)

नमस्कार.

नवऱ्याच्या बदलीमुळे पुढची काही वर्षं आमचा मुक्काम एका विकसनशील देशात आहे. देशाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या मुलांबद्दल लिहितेय ती लगेच ओळखू येतील.

आम्ही जातो त्या चर्चमध्ये रविवारी निम्म्याहून जास्त माणसं पंचविशीच्या आतली असतात. गाणारी तीच, वाद्यं वाजवणारी तीच, खुर्च्या लावणारी आणि उचलणारीही तीच. पण चर्चच्या कमिटीत त्यांच्यातलं कुणीच नाही. यातल्या काहींनी इतर पंथांच्या चर्चमधले मित्र गाठून स्वतःची संघटना काढायचं ठरवलंय. मी पूर्वी तरुण संघात काम केलंय हे कळल्यावर त्यांनी मलाही ओढलं.

शिकलेली मुलं आहेत, नोकऱ्या नाहीत. पाळकसाहेबांचा पाठिंबा आहे, पण 'सगळं आमच्या देखरेखीखाली' या अटीवर. परदेशातलं एक चर्च इमारतीसाठी पैसे द्यायला तयार आहे. आणि या मुलांचे काही ख्रिस्ती नसलेले मित्रही 'आम्हाला घ्या' म्हणतायत.

आधी नोंदणी करावी की आधी काम सुरू करावं? सभासद कुणाला करावं? बाहेरचा पैसा घ्यावा का? आणि मी स्वतः किती पुढे असावं? अनुभवी मंडळींनी लिहावं. 'शुभेच्छा' नकोत, हरकती हव्यात.

आडवाटेचा वाचक

विषय आवडला. थोडा इतिहास लिहितो. तो कंटाळवाणा वाटला तरी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

वायएमसीए, म्हणजे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, ६ जून १८४४ रोजी लंडनमध्ये सुरू झाली. जॉर्ज विल्यम्स कापडाच्या दुकानात काम करायचा, तेविशीही पूर्ण झाली नव्हती. बारा तरुण जमले, बहुतेक त्याच धंद्यातले. दिवसभर दुकानात राबायचं आणि रात्री दुकानाच्याच वरच्या खोल्यांत झोपायचं, असं त्यांचं आयुष्य. बाहेर दारूचे गुत्ते. या जिण्यात प्रार्थनेला आणि मैत्रीला जागा हवी, एवढीच त्यांची गरज होती आणि ती त्यांची स्वतःची होती. इमारत नाही, देणगीदार नाही. वेगवेगळ्या देशांतल्या शाखांनी एकत्र बसून पायाभूत मसुदा ठरवला तो १८५५ मध्ये पॅरिसला. त्या बैठकीसाठी धडपडणाऱ्यांत जिनिव्हा शाखेचा एक तरुण चिटणीस होता, आंरी द्युनाँ. पुढे रेड क्रॉसमुळे जगाला माहीत झाला तोच.

आता आपल्याकडे या. मद्रासला १८९० मध्ये अमेरिकेतून डेव्हिड मॅकॉनॉही आले ते वायएमसीएचे पगारी चिटणीस म्हणून. इमारतीला मोठा पैसा दिला जॉन वानामेकर या अमेरिकन व्यापाऱ्याने. काम चांगलं झालं, नाकारत नाही. पण राष्ट्रीय सरचिटणीसाच्या खुर्चीवर पहिला भारतीय, के. टी. पॉल, बसायला १९१६ उजाडलं.

मधल्या काळात काय झालं ते महत्त्वाचं. व्ही. एस. अझरिया याच वायएमसीएचे दक्षिणेतले चिटणीस. ते, पॉल आणि इतर काहीजण १९०५ च्या नाताळात कलकत्त्याजवळ सेरामपूरला जमले आणि नॅशनल मिशनरी सोसायटी काढली. अट एकच: माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय. परकीय संस्थेत पगार घेत असतानाच त्यांना हे सुचलं, यावरून समजा काय खुपत होतं. याच अझरियांनी १९१० मध्ये एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही आमच्यासाठी पैसा ओतलात, जीवही दिलेत, आता आम्हाला मित्र द्या.

तर ताई, तुम्ही मित्र व्हा. अध्यक्ष होऊ नका. पदसिद्ध सल्लागारसुद्धा नको, ते पद पुढे सुटत नाही.

तिरकस

बाकी सगळं ठीक. पण सरळ विचारतो, राग मानू नका. गरीब देश, बेकार पोरं, परदेशी पैसा आणि पुढे 'ख्रिस्ती' नाव. आधी शिकवणी, मग संगणक वर्ग, मग हळूच बाप्तिस्मा. यात नवीन काय आहे?

रविवारची घंटा

तिरकसराव, राग नाही. प्रश्न रास्त आहे आणि तो संघटनेच्या पहिल्या बैठकीतच निघायला हवा.

जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या एरवी एका पंगतीला न बसणाऱ्या तिघांनी २०११ मध्ये मिळून एक आचारसूत्र काढलं. सेवाकार्य करताना पैशाचं किंवा बक्षिसाचं आमिष दाखवायचं नाही, लोकांच्या गरजेचा फायदा घ्यायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांसाठी रेड क्रॉस आणि इतरांनी १९९४ मध्ये केलेल्या आचारसंहितेतही मदतीचा वापर धर्म किंवा राजकारण पुढे रेटण्यासाठी करायचा नाही असं कलम आहे. कागदावर आहे म्हणून सगळे पाळतात असं मी म्हणणार नाही. पण संघटनेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, ते उतरवून घेतलं तर बोट ठेवायला जागा राहते.

व्यवहारात एक साधी रेघ ओढता येते. शिकवणी, कर्ज, औषध यांच्या दाराशी प्रार्थना ठेवायची नाही. प्रार्थना सभेची वेळ वेगळी, जागा शक्य तर वेगळी, आणि तिथे न येणाऱ्याची शिकवणी बंद होत नाही. नाव मात्र लपवू नका. ख्रिस्ती आहोत हे दारावर लिहा. खरा संशय लपवण्यामुळे वाढतो.

आता सभासदत्व. पॅरिसच्या मसुद्यात वायएमसीएने ख्रिस्ताला देव आणि तारणारा मानणाऱ्या तरुणांना जोडायचं म्हटलं, आणि बाकी मतभेद कितीही महत्त्वाचे असले तरी ते मैत्रीच्या आड येऊ नयेत असंही ठरवलं. म्हणजे गाभा पक्का, कुंपण ठेंगणं. अमेरिकेत १८६९ मध्ये पोर्टलंडच्या अधिवेशनात मात्र मताचा अधिकार फक्त इव्हँजेलिकल चर्चच्या सभासदांना, असा नियम झाला. त्यावरून पुढे पिढ्यान् पिढ्या वाद झाले. तुमच्याकडे आत्ताच अनेक पंथ एकत्र आहेत, तेव्हा असला नियम चुकूनही नको. बाप्तिस्मा कसा घ्यावा, पाण्यात बुडून की शिंपडून, यावर बैठक घालवाल आणि पुढच्या बैठकीला निम्मेच उरतील.

ख्रिस्ती नसलेल्या मित्रांना सहयोगी सभासद करता येतं, ही वाट अनेक देशांत रुळलेली आहे. पण सहयोगी म्हणजे फक्त खुर्च्या उचलणारे असं होऊ देऊ नका. खेळ, वाचनालय, रोजगार असल्या विभागांत त्यांना पूर्ण मत द्या. श्रद्धेशी संबंधित कलमं आणि विश्वस्त निवडणं तेवढं पूर्ण सभासदांकडे. हे पहिल्या दिवशी सांगितलं तर कुणी दुखावत नाही, तिसऱ्या वर्षी सांगितलं तर फसवणूक वाटते.

तिरकस

ठीक. 'शिकवणी बंद होत नाही' हे वाक्य घटनेत हवं, भाषणात नको. एवढं झालं तर माझी हरकत मागे.

शब्दवेल्हाळ

वाचतेय. अवांतर: रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा 'देवाचा दरबार' आठवला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ताच्या अनुयायांचं एक देशी कुटुंब उभं करायला निघाले. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, दोघांनाही दार उघडं. कल्पना काळाच्या फार पुढची. पण टिळक १९१९ मध्ये गेले आणि दरबार ओसरला. सगळं एका माणसाच्या तेजावर उभं होतं.

पाऊलवाट

शब्दवेल्हाळ, हे अवांतर नाहीच. आमच्याकडेही एक मुलगा आहे, विलक्षण बोलतो, सगळे त्याच्यामागे जातात. मला त्याचीच काळजी वाटते.

सनदशीर

पदाची मुदत घाला. दोन वर्षांचं पद, लागोपाठ दोनदाच, आणि पद सोडल्यावर त्याला नव्या शाखांचं काम द्या. बोलक्या माणसाला काम हवं असतं, ते नसलं की तो खुर्ची धरतो.

नोंदणीबद्दल. आधी काम, मग नोंदणी हे ऐकायला छान वाटतं, पण देशागणिक उत्तर बदलतं. काही ठिकाणी नोंदणी नसलेल्या गटाने नियमित सभा घेणंच गुन्हा ठरू शकतं. म्हणून पहिला खर्च स्थानिक वकिलाच्या सल्ल्यावर करा. त्याला तीन गोष्टी विचारा: कुठल्या कायद्याखाली नोंदणी (सोसायटी, ट्रस्ट, कंपनी की धार्मिक संस्था), परदेशी पैशाचे नियम, आणि परदेशी नागरिकाला पदाधिकारी होता येतं का. शेवटचा प्रश्न तुमच्यासाठीच आहे. तुमच्या व्हिसावर असलं काम चालतं का, तेही बघा.

नियम किती कडक असू शकतात याची उदाहरणं देतो. इथिओपियात २००९ च्या कायद्याने, उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसा परदेशातून येणाऱ्या संस्थांना मानवी हक्क, स्त्रिया आणि मुलांचे हक्क अशा विषयांवर काम करायला बंदी घातली. एका फटक्यात कितीतरी संस्थांचं काम थांबलं. २०१९ मध्ये तो कायदा बदलला, पण मधली दहा वर्षं गेलीच. भारतात एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसरीकडे असा पैसा वळवणं बंद झालं. मोठ्या संस्थेच्या पंखाखाली चालणारे छोटे युवक गट त्यामुळे उघडे पडले. रवांडाने २०१८ मध्ये धार्मिक संस्थांच्या प्रमुखांना धर्मशास्त्राच्या शिक्षणाची अट घातली.

यातलं काही तुमच्या देशात नसेलही. पण कायदा उद्या बदलेल असं धरूनच चाला. बाहेरचा पैसा बंद झाल्यावर जे चालू राहील तेवढीच तुमची संघटना.

जमाखर्च

सनदशीर यांच्या शेवटच्या वाक्याला +१०००. आता माझा प्रांत.

इमारतीचा पैसा घेऊ नका. निदान आत्ता नको. इमारत आली की जमीन कुणाच्या नावावर हा प्रश्न येतो, मग चौकीदार, वीजबिल, छपराची गळती, आणि ज्याच्याकडे किल्ली त्याचंच राज्य. वीस जणांच्या संघटनेला इमारत म्हणजे पोराच्या अंगात बापाचा कोट. जमिनीवरून चर्चमधले वाद कोर्टात किती वर्षं पडून राहतात हे पाहणाऱ्यांनी पाहिलं आहे.

त्या देणगीदार चर्चला नम्रपणे कळवा की पैसा तीन वर्षांत विभागून द्या, दरवर्षी कमी करत, आणि कशासाठी ते मुलं ठरवतील. जो देणगीदार याला तयार होतो तो ठेवण्यासारखा. ज्याला नावाची पाटीच हवी आहे तो जाऊ दे.

वर्गणी पहिल्या महिन्यापासून घ्या. रक्कम अगदी किरकोळ ठेवा, बेकार मुलालाही जड जाणार नाही इतकी. ज्याला तीही जमत नाही त्याच्याकडून कामाचे तास घ्या आणि ते वहीत वर्गणी म्हणूनच लिहा. वर्गणीने खर्च भागत नाही, मला माहीत आहे. पण जो वर्गणी देतो तो हिशेब मागतो, आणि हिशेब मागणारे सभासद नसले तर फुकटचा पैसा कुठे जातो ते मी लिहायला नको.

खातं संघटनेच्या नावावर. सह्या दोघांच्या, आणि ते दोघे एका घरातले किंवा एकाच चर्चमधले नकोत. तुमची सही नको. पाळकांचीही नको. मोबाइलवरून पैसे फिरत असतील (अनेक देशांत बँकेपेक्षा तेच जास्त चालतं) तर कुणाच्या खासगी नंबरवर वर्गणी जमा करायची नाही, एकदासुद्धा नाही. दर महिन्याचा जमाखर्च एका कागदावर, सभेत मोठ्याने वाचायचा. हिशेब तपासायला कमिटीबाहेरचा माणूस. तो पदवीधरच हवा असं नाही, भिडेला न पडणारा हवा.

रविवारची घंटा

जमाखर्चकाकांशी अर्धी असहमत. जागा लागतेच. घरात दोन खोल्यांत आठ माणसं असतील तर त्या मुलाला अभ्यासाला, नुसतं बसायलासुद्धा कोपरा नसतो. मद्रासची ती वानामेकरांच्या पैशाची इमारत १९०० पासून पिढ्यान् पिढ्यांना उपयोगी पडलीच की. बांधू नका, पण शाळेची खोली संध्याकाळपुरती भाड्याने घ्या. चर्चची जागा फुकट मिळत असेल तरी नाममात्र भाडं देऊन पावती घ्या.

जमाखर्च

पावतीसाठी तुमचं अर्धं मान्य.

शेवंती

एवढे प्रतिसाद झाले आणि मुलींचा विषय कुणी काढला नाही. धागाकर्तीने 'मुलं' लिहिलं त्यात मुलीही आहेत असं गृहीत धरते.

वायडब्ल्यूसीए, म्हणजे तरुणींची तशीच संघटना, तिची सुरुवातही १८५५ चीच. लेडी किनेर्ड यांनी लंडनमध्ये परिचारिकांसाठी वसतिगृह उघडलं, आणि तिकडे एमा रॉबार्ट्स यांनी प्रार्थनेचा संघ चालवला. दोन्ही १८७७ मध्ये एक झाले, जागतिक संघटना १८९४ मध्ये आली. मला त्यातलं आवडतं ते हे की सुरुवात राहायच्या सुरक्षित जागेपासून झाली. मुलींना काय अडतं ते बघून काम ठरलं.

तुमच्याकडे बैठक किती वाजता असते? अंधार पडल्यावर असेल तर मुली येणार नाहीत, आणि मग 'मुलींना रस नाही' असं इतिवृत्तात लिहिलं जाईल. घरकाम, पाणी, धाकटी भावंडं यातून सुटणारी वेळ मुलींनाच विचारा. कमिटीत निम्म्या जागा मुलींच्या. सचिव मुलगी, म्हणजे इतिवृत्त लिहायला आणि चहा सांगायला, असं नको. खजिनदार करा.

दुसरं, सुरक्षितता. बालहक्क करारानुसार अठरा वर्षांखालचं प्रत्येकजण मूल. तुमच्याकडे पंधरा-सोळाची मुलंही येणार. एकट्या प्रौढाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, शिबिरात झोपायच्या जागा वेगळ्या, कामाला घेण्याआधी माणसाची चौकशी, आणि तक्रार ऐकायला संघटनेबाहेरची एक व्यक्ती ठरलेली. 'आपण सगळे विश्वासातले' हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटते. चर्चच्या वर्तुळात तर पाळकाविरुद्ध बोलायला मुलं धजावत नाहीत. म्हणून तक्रार ऐकणारी व्यक्ती पाळकांच्या नात्यातली नको.

आणि वयाची वरची मर्यादा! संयुक्त राष्ट्रं युवा म्हणजे १५ ते २४ धरतात, आफ्रिकन युवा सनद १५ ते ३५. पस्तिशी ठीक आहे, पण पदाधिकाऱ्यांसाठी तीस ठेवा. नाहीतर टक्कल पडलेले युवक नेते चाळिशीपर्यंत हलत नाहीत. (हलके घ्या.)

पाऊलवाट

शेवंती, वेळेचा मुद्दा अगदी वर्मी लागला. बैठक अंधार पडल्यावरच असते. बदलायला सांगते.

सगळ्यांचं वाचून एक अडचण उरली. संघटना झाली, घटना झाली, पण करायचं काय? मुलांची यादी मोठी आहे: फुटबॉल, गायनवृंद, संगणक वर्ग, व्यसनमुक्ती, झाडं.

आडवाटेचा वाचक

यादी फाडा, म्हणजे बाजूला ठेवा. बेल्जियमचे फादर जोसेफ कार्डाइन यांनी कामगार तरुणांसाठी १९२५ मध्ये जेओसी ही ख्रिस्ती युवक संघटना काढली. ती पुढे अनेक गरीब देशांत पोहोचली, कारण पद्धत सोपी होती: पाहा, पारखा, करा. आठ-दहा जणांचा गट. आधी आपल्याच आयुष्यातली एक गोष्ट नीट पाहायची. समजा, बेकारी. कुणाला शेवटचं काम कधी मिळालं, किती दिवस, मजुरी कुणी बुडवली. मग ते बायबलच्या उजेडात पारखायचं: हे असंच असावं का? आणि मग पुढच्या बैठकीपूर्वी होईल असं एक काम ठरवायचं. ते छोटं असतं. मजुरी बुडवणाऱ्याकडे चौघांनी मिळून जाणं, एवढंसुद्धा. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या परिपत्रकात हीच पद्धत नाव घेऊन शिफारस केली. विशेष म्हणजे कार्डाइन यांच्या गटात पुढारी कामगार पोरंच असत, धर्मगुरू बाजूला बसून ऐकायचे.

रोजगाराचं म्हणाल तर के. टी. पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायएमसीएला खेड्याकडे नेलं. दक्षिणेत, आताच्या तमिळनाडूतल्या मार्तंडमला १९२० च्या दशकात स्पेन्सर हॅच यांच्या केंद्रात मधमाश्या, कोंबड्या, विणकाम असे घरबसल्या पैसे देणारे उद्योग शिकवले गेले. भांडवल कमी, आणि शिकलेला माणूस दुसऱ्याला शिकवू शकेल अशा गोष्टी. मार्तंडमचा मध अजून विकला जातो. तुमच्याकडे मधच हवा असं नाही. पण संगणक वर्ग काढण्याआधी तिथे संगणकावर काम देणारं कुणी आहे का, ते मुलांनी जाऊन विचारावं.

फुटबॉल ठेवा. चेंडू एक, माणसं बावीस, इतकी स्वस्त जमवाजमव दुसरी नाही. बास्केटबॉल (१८९१) आणि व्हॉलीबॉल (१८९५) दोन्ही वायएमसीएच्याच माणसांनी शोधले, उगीच नाही.

पाऊलवाट

शेवटचा प्रश्न. पाळकसाहेबांची 'देखरेख'. ते वाईट नाहीत, पण प्रत्येक ठराव त्यांना आधी दाखवायचा म्हणतात. मुलं चिडलीयत, वेगळं व्हायचं म्हणतात.

रविवारची घंटा

वेगळं होण्याची घाई नको. पाळकांच्या बाजूनेही बघा. उद्या काही वेडंवाकडं झालं तर गावासमोर त्यांनाच उभं राहावं लागणार. शिवाय गट अनेक चर्चचा आहे, म्हणजे बाकीच्या चर्चच्या पाळकांना याच एका पाळकांची देखरेख का मान्य व्हावी? हा मुद्दा मुलांनी मांडायचा, तुम्ही नाही. सगळ्या पाळकांचं एक सल्लागार मंडळ करा, वर्षातून दोनदा बैठक, मताचा अधिकार नाही. ठराव त्यांना मंजुरीसाठी नको, मंजूर झाल्यावर माहितीसाठी जाईल. श्रद्धेच्या कलमात बदल करायचा असेल तरच आधी विचारायचं.

आणि पहिल्या वार्षिक सभेत हिशेब वाचायला त्या सगळ्यांना बोलवा. खजिनदार मुलगी उभी राहून पैशापैशाचा हिशेब देतेय हे एकदा त्यांनी पाहिलं की निम्मी देखरेख आपोआप सुटते. उरलेल्या निम्म्यासाठी भांडावं लागेल, ते मुलांना भांडू द्या.

जमाखर्च

त्या सभेला हिशेब तपासनीसालाही बोलवा. आणि बैठकीची वेळ बदलली की इथे कळवा, शेवंतीताई विचारल्याशिवाय राहणार नाहीत.